घरून आणलेलं उत्तर

आमच्या घरात वाद हरून कोणी जेवायला बसत नसे. बाबा, माय, दादा आणि मी, चौघंही बोलायला खमके. तळेगावच्या आमच्या ओसरीवर विषय कोणताही निघो, कापसाच्या पऱ्हाटीवर फवारा कधी मारायचा असो की कोणाच्या लग्नात वरण पातळ झालेलं असो, शेवटी जो मोठ्यानं बोलेल त्याचं खरं ठरायचं. मी सगळ्यांत धाकटी आणि आवाज सगळ्यांत मोठा. माय म्हणायची, "हिले एखाद्या वकिलाच्या घरी द्या, नाई त ही सासरी कोर्ट भरवते." मला त्याचा राग येत नसे. उलट वाटायचं, एवढी अक्कल देवानं दिली आहे तर ती कुठंतरी कामाला लावली पाहिजे.

म्हणून वर्ध्याला बी.ए. झाल्यावर मी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हा मला गणिताची धास्ती होती, इंग्रजीची होती, पण तिसऱ्या पेपरची अजिबात नव्हती. त्याला सगळे रिझनिंग म्हणत. त्यात एक लहानसा उतारा असायचा. उताऱ्यात कोणीतरी काहीतरी दावा करायचा आणि खाली चार उत्तरं असायची. त्यातलं कोणतं उत्तर त्या दाव्याला सगळ्यांत जास्त बळ देतं, किंवा कोणतं त्याचे पाय काढून घेतं, एवढंच सांगायचं. मी म्हटलं, हा तर वादाचा पेपर. यात मला कोण हरवतं? ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट आहे, तेव्हा मी बाविशीत होते आणि माझा स्वतःवर फार विश्वास होता.

हरवलं. असं हरवलं की गणितात आणि इंग्रजीत बरे मार्क असून त्या एका पेपरनं मला बाहेर बसवलं. उत्तर येत नसतं तर मी समजू शकले असते. पण मला चारही उत्तरं बरोबर वाटत होती, आणि चारांतलं जे सगळ्यांत ठणकावून बोलत होतं त्याच्यावर मी खूण करून येत होते. ओसरीवर हेच चालायचं ना. तिथं तर मी या पद्धतीनं कधी हरले नव्हते.

मी तेव्हा दादाकडे राहत होते. वर्ध्याला लागून नालवाडीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दादा कचेरीत कामाला आणि वहिनी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर शिक्षिका. वहिनी पुलगावच्या दुकानदारांची लेक. आवाज चढवणं तिला माहीतच नव्हतं. ती हळू बोलायची आणि समोरच्याला घाम फोडायची. मी नापास झाल्याचं कळलं तेव्हा दादानं समजूत घातली, "होते असं." वहिनीनं समजूत घातली नाही. तिनं दादाच्या एका सोबत्याकडून जुन्या प्रश्नांचं पुस्तक मागवलं आणि म्हणाली, "बस इथं. मले पाहू दे, तू हरते कुठं."

पहिल्याच दिवशी कापसाचा प्रश्न आला. मला अजून तो पाठ आहे. एका तालुक्यात यंदा कापसाचा पेरा घटला. यंदाच तिथं कापसाचा भाव वाढला. एक व्यापारी म्हणतो, पेरा घटला म्हणूनच भाव वाढला. खालच्यांपैकी कोणती गोष्ट खरी असेल तर व्यापाऱ्याचं म्हणणं सगळ्यांत जास्त कमकुवत होईल? एक, यंदा कापूस वेचायला बाया मिळणं कठीण झालं. दोन, त्या तालुक्यात सरकारी खरेदी केंद्र आहे. तीन, भाव वाढला तेव्हा पेरणी अजून व्हायचीच होती. चार, यंदाचा कापूस कधी नव्हे इतका उत्तम प्रतीचा आहे.

कापसाचा प्रश्न आणि मी शेतकऱ्याची लेक! मी पुस्तक पुरतं खाली ठेवायचीसुद्धा वाट पाहिली नाही. सरकारी केंद्रावर खूण केली. वहिनीनं त्यावर फुली मारली.

"काऊन?" मी विचारलं.

"चूक आहे म्हणून."

"वहिनी, तुमाले कापसातलं काय समजते? आपल्या इथं व्यापारी भाव ठरवतच नाई. सरकार ठरवते. सगळा कापूस केंद्रावरच जाते. बाबाले विचारा."

"बाबाले काऊन विचारू? पेपर काय मामाजी तपासून राह्यले?" सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. मग तिनं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "सरकार भाव ठरवते, हे कुठं लिहिलं आहे? बोट ठेव."

मी 'केंद्र आहे' या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे झालं, केंद्र आहे. केंद्र भाव ठरवते, हे कुठं आहे? त्याच्यावर बोट ठेव."

मी उतारा वरून खाली वाचला, खालून वर वाचला. बोट ठेवायला जागा नव्हती. ते कुठंच नव्हतं. ते आमच्या ओसरीवर होतं, केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची तिथं होतं, बाबांच्या तोंडी होतं. पुस्तकात नव्हतं.

"मंग हे उत्तर तू आणलं कुठून?"

"घरून," मी म्हटलं.

"घरचं घरी ठेवायचं. आन् दुसरं पाह्य. केंद्र मागच्या वर्षी होतं का नव्हतं, हे तरी इथं सांगितलं आहे काय? समज, मागच्या वर्षीही होतं. जे मागच्या वर्षी होतं आन् यंदाही आहे, ते यंदाचा फरक कसा सांगेल?"

बरोबर उत्तर तिसरं होतं. भाव आधी वाढला आणि पेरणी मागून झाली, तर नंतरच्या गोष्टीनं आधीची गोष्ट घडली कशी म्हणायची? इतकं साधं. ते उत्तर ओरडत नव्हतं, कापसाबद्दल शहाणपण शिकवत नव्हतं, कोपऱ्यात गप उभं होतं, म्हणून माझं तिकडे लक्षच गेलं नाही. मला इतका संताप आला की मी पुस्तक मिटलं आणि वहिनीला म्हटलं, "मी काय तुमच्या पहिलीच्या वर्गातली आहो काय, बोट ठेव, बोट ठेव?" ती म्हणाली, "पहिलीतली पोरं बोट ठेवूनच वाचतात. म्हणून ती जे लिहिलं आहे तेच वाचतात. तुले वाचता येते, म्हणून तू नसलेलंही वाचते."

त्या दुपारी मी तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी मात्र स्वतःच पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसले, कारण तिचं म्हणणं खोडायला मला काहीही सापडलं नव्हतं, आणि असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

मग तो आमचा रोजचा खेळ झाला. शाळेतून आल्यावर वहिनी सुपात तुरीची डाळ घेऊन खडे काढत बसायची आणि मी प्रश्न मोठ्यानं वाचायचे. उत्तर सांगितलं की ती मान वर न करता म्हणायची, "बोट ठेव." हळूहळू मला कळायला लागलं की चुकीचं उत्तर येडंगबाळं दिसत नाही, ते चांगलं नटून येतं. एक असतं ते उताऱ्यातलेच शब्द अंगावर घालून येतं, आपल्याला वाटतं ओळखीचं माणूस आहे, आत घ्या. एक फार रुबाबात बोलतं, 'सगळेच', 'कधीच नाही', 'फक्त यामुळेच'. आणि उताऱ्यात बिचारे 'काही' एवढेच असतात. वहिनी म्हणायची, "काही जण म्हटलं का काहीच जण. गाव गोळा करू नको." दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून मी एकीला दुसरीचं कारण ठरवलं, की दादा आतल्या खोलीतून ओरडायचा, "कावळा बसायला अन् फांदी तुटायला!" पण सगळ्यांत वाईट ते उत्तर, जे जगात खरं असतं. त्याला नाही म्हणताना जीव तुटायचा. ते खरं आहे हे मला माहीत असायचं, आणि तरी ते इथलं नसायचं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज भरला, आणि पोळ्याच्या थोडं आधी बँकेचं पत्र आलं. नागपूरला अमुक दिवशी अमुक शाळेत परीक्षेला या, इतकंच त्यात होतं. नेमके त्याच दिवशी बाबा तहसिलीच्या कामानं वर्ध्याला आले आणि भुट्ट्यांची पिशवी घेऊन नालवाडीला पोचले. मी वाचनालयात होते, दादा कचेरीत. वहिनी शाळेला निघाली होती. तिनं त्यांना चहा दिला आणि चप्पल घालता घालता सांगितलं, "मामाजी, बँकेचं पत्र आलं. तिले नागपूरले बोलावलं." आणि ती गेली. मी परत आले तेव्हा घराला कुलूप होतं, किल्ली शेजारी आणि भुट्टे दाराशी. शेजारणीनं सांगितलं, बाबा आले होते, पण जेवायलाही न थांबता मिळेल त्या गाडीनं निघून गेले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पोळ्याला मी तळेगावला गेले. गाडीतून उतरले तर पानठेल्यावरचा माणूस उठून उभा राहिला. "या, मॅनेजरबाई." मला वाटलं थट्टा करतोय. पुढे एक काका भेटले, मोटरपंपाच्या कर्जाचं विचारायला लागले. मी म्हटलं, मला काय विचारता? तर ते समजूतदारपणे म्हणाले, "हाव, आत्ताच कसं सांगशीन, बस्तान तरी बसू दे." घराच्या दारात मायनं मला ओढून आत घेतलं आणि सांगितलं. बाबांनी बाजाराच्या दिवशी, भर बाजारात, पेढे वाटले होते. पोरगी बँकेत लागली म्हणून.

पत्र आलं हे खरं. बँकेचं आलं हेही खरं. नागपूरला बोलावलं हेही खरं. नोकरी लागली, हे मात्र बाबांनी घरून आणलं होतं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. हसू की रडू तेच कळेना.

मायला खरं माहीत होतं, दादानं निरोप धाडला होता. पण तोवर पेढे गावाच्या पोटात गेले होते. "बजारात तुरी आन् भट भटनीले मारी," ती म्हणाली, "मी त्यायले सांगनार नाई. तूच सांग." आणि पुरणाच्या पोळ्या लाटायला निघून गेली.

त्या संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. आमची जोडी गौळाऊ जातीची, पांढरीशुभ्र, बाबांनी तिची शिंगं रंगवली होती, अंगावर नवी झूल. पोळ्याला आमच्याकडे झडत्या म्हणतात, म्हणजे बैलांपुढे उभं राहून आपण रचलेल्या ओळी ओरडून म्हणायच्या आणि गावानं शेवटी हर हर महादेव करायचं. त्या वर्षी एकानं म्हटलं, "बोंड फुटलं पांढरं, वेचाले आल्या बाया, बँकेतल्या बाईसाठी वाजवा रे टाया!" आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. बाबा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. इतकं सुख मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं, दादाच्या लग्नातही नाही. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार निघाली होती. बाबा गोठ्यात बैलांच्या शिंगांवरची बेगड काढत होते. मी जाऊन उभी राहिले.

"बाबा, ते पत्र तुम्ही वाचलं होतं?"

"इंग्रजीत होतं. वरतं बँकेचा छापा होता. काऊन?"

"ते परीक्षेचं बोलावणं होतं. परीक्षा अजून व्हायची आहे. मागच्या वर्षी मी त्याच परीक्षेत नापास झालती."

त्यांचा हात थांबला. "सूनबाई त म्हने, बोलावलं."

"बोलावलंच आहे. वहिनी खोटं नाई बोलली. पुढचं तुम्ही जोडलं."

"म्या जोडलं," ते म्हणाले. मग हळूच, "आता काय करू? ज्याच्या त्याच्या पोटातून पेढे काढू काय?"

मला वाटलं ते चिडतील, माझ्यावर, वहिनीवर, नाहीतर त्या छाप्यावर. ते चिडले नाहीत. आमच्या घराण्यात चूक कबूल करायची पद्धत नव्हती, त्यामुळे काय करावं हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी बेगडीचा बोळा केला, कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, "हे पाह्य, म्या आता गावात काई सांगत नाई. म्या घाईनं बोललो. तू सावकाश खरं कर."

झालं. माझी नोकरी राहिली एका बाजूला. आता माझ्या बापाचा शब्द त्या पेपरवर टांगलेला होता, आणि मी नापास झाले तर पुढच्या बाजारात त्यांना कोणत्या तोंडानं उभं राहायचं होतं? लोक वाईट नव्हते, पण लोक हसले असते. तळेगाव हसायला लागलं की पिढ्यान्पिढ्या हसतं.

नालवाडीला परत आल्यावर मी वहिनीला सगळं सांगितलं. ती आधी तोंडाला पदर लावून हसली, मग डोळे पुसले. "मी एक शब्दही खोटा बोलली नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "तेच त. बाबा आन् मी एकाच प्रश्नात नापास झालो." त्यानंतर आम्ही दोघी त्या पुस्तकावर तुटून पडलो. ते संपलं तर वहिनीनं स्वतः प्रश्न रचायला सुरुवात केली. भाजीवालीवर, शेजाऱ्यांवर, दादाच्या साहेबांवर. शेजारणीकडे आज पाहुणे आले, तिनं सकाळीच अंगण सारवलं होतं, यावरून काय सिद्ध होतं? मी म्हणायचे, काहीच नाही. ती म्हणायची, शाब्बास. दादा म्हणायचा, "या घरात आता काहीच सिद्ध होत नाही, चहा झाला की नाही हेसुद्धा."

परीक्षेला दादा सोबत आला. सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही नागपूरला पोचलो. शाळेच्या फाटकाशी त्यानं मला बाबांचा निरोप सांगितला. एकच शब्द होता. सावकाश.

पेपर हाती आला. पहिले प्रश्न ओळखीचे वाटले, हात चालू लागला. मग मधेच एक प्रश्न आला आणि मी थबकले. एका गावातून शहरात जायला बस सुरू झाली. त्याच वर्षी शहरातल्या कॉलेजात मुलींची संख्या वाढली. प्राचार्य म्हणतात, बस नव्हती म्हणून गावातल्या मुली येत नव्हत्या, बस आली आणि मुली आल्या. त्यांचं म्हणणं सगळ्यांत कमकुवत कशानं होईल? एक, ती बस बहुधा उशिरा येते. दोन, बसमुळे गावातल्या मुलांचीही सोय झाली. तीन, खेड्यातले आईबाप मुलींना पुढे शिकवायला तयारच नसतात. चार, त्या वर्षी वाढलेल्या बहुतेक मुली शहरातच राहणाऱ्या होत्या.

तिसरं उत्तर वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्यासोबत सातवीपर्यंत शिकलेल्या साऱ्या मैत्रिणी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. गणितात माझ्याहून हुशार असलेली एक होती, तिचं शेण काढणं मी सुट्टीत गेले की पाहायचे. बस? बसचं काय घेऊन बसलात प्राचार्य, तुमच्या बसनं काही होत नसतं, आईबाप तयार नसतात! मला त्या माणसाशी भांडायचं होतं. पेन्सिल तिसऱ्या उत्तरावर टेकलीही होती.

आणि मला डाळीच्या सुपाचा आवाज आठवला. बोट ठेव. मी खरोखरच डाव्या हाताचं बोट उताऱ्यावर ठेवलं, पहिलीच्या पोरासारखं, आणि ओळीखालून सरकवत नेलं. आईबाप तयार नसतात, कबूल. आदल्या वर्षीही नसतील, त्या वर्षीही नसतील. मग त्या वर्षी मुली वाढल्या कशा? हे उत्तर वाढीबद्दल एक अक्षर बोलत नव्हतं. ते खरं होतं, आणि माझं होतं, आणि इथलं नव्हतं. चौथं उत्तर तेवढं कोपऱ्यात गप उभं होतं: वाढलेल्या मुली शहरातल्याच, त्यांना बसची गरजच नव्हती. संपला प्राचार्यांचा दावा. मी चारवर खूण केली आणि मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. ओसरीवर इतकी वर्षं आरडाओरडा करून जिंकले, त्यातला एकही विजय या मुकाट खुणेच्या तोडीचा नव्हता.

त्या पेपरात मी पास झाले. नुसती पास नाही, दादानं यादी पाहून येऊन जिन्यातूनच ओरडून सांगितलं इतकी वर होते. मुलाखतीला गेले तर समोरच्या एका साहेबांनी तळेगाव हे नाव वाचलं आणि विचारलं, "तुमच्याकडे कापूस विकताना शेतकऱ्याला अडचण काय येते?" इथं बोट ठेवायला उतारा नव्हता. इथं घरचं चालणार होतं. मग मी असं बोलले म्हणता, बंड्यांची रांग, प्रत ठरवण्यावरून होणारी हुज्जत, रांगेत बैलांना लागणारा चारा, सगळं. वर्षभर दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्यासारखं वाटलं. साहेबांनी शेवटी हात वर करून थांबवलं. ते हसत होते.

नेमणुकीचं पत्र आलं ते घेऊन मी स्वतः तळेगावला गेले. पोस्टावर माझा भरवसा होता, बाबांवर नव्हता. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी पाकीट पुढे केलं. त्यावरच्या छाप्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"लागली, बाबा."

"कोठं लिवलं हाय?"

मी पत्र उलगडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि तिथं स्वतःचं ठेवलं. बाबा चौथी शिकलेले, वाचताना नेहमीच बोट फिरवायचे. इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं, तरी ती ओळ त्यांनी बोटानं सगळी पार केली.

"आन् पुढं काय हाय? पुढं 'पण' गिण त नाई?"

"शेवटाकडे आहे. डॉक्टरचा दाखला पायजे म्हणते."

"मंग अजून डाक्टर बाकी हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. माय आतून म्हणाली, "आता तरी तोंड गोड करा." त्यांनी नाही अशी मान हलवली. डॉक्टरांनी दाखला दिला, तरी पेढे आले नाहीत. रुजू झाल्याचं कळवलं, तरी नाहीत.

माझी नेमणूक पुलगावला होती, वहिनीच्या माहेरच्या गावी. कामाला लागून महिना होत आला असेल. एके दिवशी मान वर केली तर दाराशी बाबा. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी. तळेगावहून आर्वी आणि आर्वीहून छोट्या रुळांच्या गाडीनं पुलगाव, एवढं करून आले होते, न कळवता. मला त्यांनी ओळख दाखवली नाही. बाकावर बसून राहिले आणि मला कागदांवर ठप्पे मारताना बघत राहिले. मग त्यांनी चपराशाला गाठलं आणि विचारलं, "ती बाई इथं रोज बसते काय?" तो हो म्हणाला. एवढ्यावर समाधान झालं नाही. रांगेतल्या एका गिऱ्हाइकालाही त्यांनी हेच विचारलं. मग उठले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "हाव. लागली." आणि माझ्या हातचं पाणी पिऊन परतीच्या गाडीला गेले.

पुढच्या बाजाराला त्यांनी पुन्हा पेढे वाटले. मी तिथं नव्हते, मला मायनं सांगितलं. पानठेल्यावरच्या माणसानं पेढा हातात धरून विचारलं, "काऊन पाटील, ह्याच पोरीचे पेढे मागं खाल्ले ना आमी? आता पुन्हा कायचे?"

बाबांनी सावकाश, एक शब्द जास्त न घालता उत्तर दिलं.

"मागचे बोलावल्याचे होते. हे लागल्याचे हायत."